कंपनीची गरज आणि कलावंताचे मन



वाद्यवृंद हा कलावंतांचा मेळा असतो, तसाच तो पोटापाण्याचा धंदाही असतो. या दोहोंत तंटा लागला म्हणजे काय होते, हे अमेरिकेतील 'ड्रीम थिएटर' या मंडळींच्या उदाहरणाने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

१९८५ साली बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात जॉन पेट्रुची, जॉन म्यांग आणि माइक पोर्टनॉय या तीन विद्यार्थ्यांनी हा मेळा जमविला. त्यांच्या संगीतास 'प्रोग्रेसिव्ह मेटल' म्हणतात. हेवी मेटलचा दणदणाट, त्याच्या जोडीला लांबलचक रचना आणि वारंवार पालटणारी लय, असा हा प्रकार. १९९२ च्या 'इमेजेस अँड वर्ड्स' मधील 'पुल मी अंडर' हे आठ मिनिटांहून मोठे गीत सर्वांच्या अपेक्षेबाहेर गाजले. गोम आहे ती येथेच. एकदा दाम मिळाला की कंपनीस तसाच दुसरा हवा असतो.

१९९७ च्या 'फॉलिंग इन्टू इन्फिनिटी'च्या वेळी मंडळींच्या मनात दोन तबकड्यांचा संच होता. कंपनीने एकीवरच भागविले. 'मेट्रोपोलिस'चा वीस मिनिटांचा उत्तरार्ध बाजूस पडला. एका गीताच्या फेररचनेसाठी डेस्मंड चाइल्ड या लोकप्रिय गीतकारांचे साहाय्य घेण्यात आले. पोर्टनॉय इतके खट्टू झाले की मेळा सोडण्यापर्यंत त्यांची मजल गेली.

आता, आटोपशीर रचना हिणकसच असते असे आम्ही म्हणत नाही. शिवाय याच ध्वनिमुद्रिकेत तेरा मिनिटांचे एक गीतही आहे. आमचा आक्षेप एवढाच, की कोठे थांबावे हे रचनेने ठरवावयाचे, ते येथे विक्रीच्या अंदाजाने ठरले. आणि इतके करूनही 'पुल मी अंडर'सारखे यश काही पुन्हा हाती आले नाही!

पुढे मंडळींनी मोकळीक मागून घेतली. निर्मितीची सूत्रे पोर्टनॉय व पेट्रुची यांनी स्वतःकडे घेतली आणि बाजूस पडलेल्या त्याच बीजातून १९९९ साली 'सीन्स फ्रॉम अ मेमरी' ही सत्याहत्तर मिनिटांची अखंड कथा उभी राहिली. रसिक आज तिची गणना त्यांच्या उत्तम कृतींत करतात.

दोष केवळ कंपनीच्या माथी मारून मात्र आपली सुटका नाही. कंपनी अंदाज बांधते तो आपल्याच अधीरतेचा. श्रोत्याने थोडा धीर धरला, तर कलावंतास थोडे धैर्य येते.