मस्कतमधून धुळ्यात घर बांधताना : शेत, प्लॉट आणि ताईची सही

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

परदेशात राहून गावाकडे जमीन घ्यायची, घर बांधायचं, यावर तुमचे बरेच प्रश्न येतात. आज नुसते नियम सांगत नाही. माझं काय झालं ते सांगतो, नियम त्यातच येतील.

मी पारोळा तालुक्यातला. नोकरी मस्कतला. अमेरिकेत गेलेला माणूस म्हणू शकतो, बघू पुढे, राहू इथेच. आखातात तसं नसतं. आमचा व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी संपली की बॅग भरायची. म्हणून आमच्यातल्या प्रत्येकाच्या डोक्यात एक घर असतंच, गावाकडचं, न बांधलेलं. तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी आणि आपल्याकडे शुक्रवारी सगळी ऑफिसं चालू. त्यामुळे माझे कितीतरी शुक्रवार तलाठी, वकील आणि मिस्त्री यांना फोन करण्यात गेले.

मला आधी घर नको होतं, शेत पाहिजे होतं. पारोळ्याहून धुळ्याकडे येताना हायवेपासून थोडं आत एक एकर, विहिरीसकट. मध्ये घर, भोवती लिंबाची झाडं. ओळखीतला एक जण म्हणाला, "सोपं आहे. पैसे तू पाठव, नाव आबांचं लाव." आबा म्हणजे माझे वडील. तेव्हा ते होते.

धुळ्यातल्या वकिलांनी तिथेच थांबवलं. फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापनाचा 1999 चा कायदा. त्याखालच्या नियमांनुसार अनिवासी भारतीयाला शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. घरची शेती असली, बापजादे शेतकरी असले तरी नाही. वारशाने आलेली शेती मात्र ठेवता येते. आणि फ्लॅट, बांधलेलं घर, दुकान, रहिवासी वापराचा अकृषिक प्लॉट हे घेता येतं, त्यासाठी रिझर्व बँकेची वेगळी परवानगी लागत नाही. पैसे मात्र बँकेतून, तुमच्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून गेले पाहिजेत.

मी विचारलं, मग आबांच्या नावावर? ते म्हणाले, "पैसे तुमचे, नाव त्यांचं आणि मनातून जमीन तुमची, असं असेल तर ते बेनामी व्यवहारात जाऊ शकतं. कायदा 1988 चा आहे, 2016 मध्ये आणखी कडक झालाय. तुम्ही वडिलांना खरोखर पैसे भेट दिले आणि त्यांनी जमीन घेतली, तर चालेल. पण मग ती त्यांची. त्यांच्यामागे सगळ्या वारसांची." आणि मग त्यांनी विचारलं, "बहिणी किती?"

मी म्हटलं, एक. पण हे का विचारताय, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

शेताचा विषय संपला. पुढच्या वर्षी आबा गेले. त्यांनी स्वतः घेतलेली तीन एकर जिरायत होती, मृत्युपत्र नव्हतं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे माय, ताई आणि मी, तिघांचा सारखा हिस्सा. वारस नोंद झाली, फेरफार मंजूर झाला, सातबारावर तीन नावं आली. (वडिलोपार्जित जमिनीत हिश्शाचा हिशेब वेगळा होतो, पण तिथेही मुलगी आता बाहेरची नाही. 2005 च्या दुरुस्तीने तिला जन्मापासून मुलासारखाच हक्क दिला आणि त्या तारखेला वडील हयात नसले तरी तो हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं.)

आता माझा नवा हिशेब ऐका. तीन एकर विकायची, त्यात माझी बचत घालायची, धुळ्यात देवपूरच्या पुढे प्लॉट घ्यायचा आणि दुमजली घर बांधायचं. पाच खोल्या, वर गच्ची. मायला गावाहून तिथे आणायचं. ताई देवपूरलाच राहते, म्हणजे मायकडे लक्षही राहील. कागदावर सगळं छान बसत होतं. फक्त ताईचा एक तृतीयांश हिस्सा मी माझ्याच पैशात धरला होता.

काका म्हणाले, "अखाजीला ताई येईलच. हक्कसोड करून घे." खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगतो, अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे हा लेकीबाळींचा सण. सासरच्या पोरी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात. आणि घराघरांत त्याच दिवसांत बहिणीच्या सह्या होतात, कारण ती तेव्हाच निवांत सापडते. हेही खरं आहे, बोलत कुणी नाही.

मी हक्कसोड पत्राचा मसुदा तयार करून मस्कतहून आणला होता. जेवणं झाल्यावर ताईपुढे ठेवला. ती भांडली नाही. पूर्ण वाचलं. मग म्हणाली, "भाऊ, सही करी देसु. पन आते सांग, पुढली अखाजीले मी कथा जाऊ?"

कथा म्हणजे कुठे. वावर विकलं, गावचं धाब्याचं घर पावसाळ्यात एका बाजूने बसलेलं, माय माझ्या घरात. मग हिचं माहेर कोणतं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. माय चुलीपाशी बसली होती. तिने माझ्याकडे न बघताच विचारलं, "हाई घर कोनासाठे शे?"

मी वर्षातले वीस-पंचवीस दिवस येणार. माय तिथे वर्षभर राहणार. आणि पाच खोल्या मी ठरवलेल्या. मसुदा तसाच बॅगेत परत गेला.

त्या रात्री नवा हिशेब केला. वावर विकायचं नाही, ठोक्याने द्यायचं, सातबारावर तिन्ही नावं राहू द्यायची. घर माझ्या बचतीत बसेल तेवढंच. दुमजलीचं एकमजली झालं. तीन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे रुंद ओटा. पुढेमागे वर चढवता येईल एवढे कॉलम घ्यायचे. खरं सांगू, वाईट वाटलं. मस्कतच्या खोलीत माझ्याकडे पाच खोल्यांचं चित्र लावलेलं होतं.

आता प्लॉटचं सांगतो, कारण इथे माणसं फसतात. प्लॉट अकृषिक आहे का, मंजूर लेआउटमधला आहे का, आणि नकाशातला नंबर जागेवरच्या खुंटाशी जुळतो का, हे तीन आधी बघा. शेताचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे "पुढे होऊन जाईल" म्हणून विकणारे भेटतील. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा आहे. त्यात अलीकडे काही सवलती आल्यात, पण तुमच्या तुकड्याला ती लागू आहे हे वकिलाने लिहून दिल्याशिवाय पैसे देऊ नका. सातबारा महाभूलेखवर घरबसल्या दिसतो, शहरात मालमत्ता पत्रक असतं. तरी तीस वर्षांचा शोध अहवाल घ्याच. आणि नुसत्या मुखत्यारपत्रावर जागा "विकत" घेऊ नका; त्याने मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच सांगितलंय. नोंदणीकृत खरेदीखतच पाहिजे.

खरेदीला मी येऊ शकत नव्हतो. मुखत्यारपत्र कुणाला द्यायचं? काका तयार होते. मी ताईला दिलं. मस्कतच्या भारतीय वकिलातीत सही साक्षांकित केली, कागद कुरिअरने धुळ्याला पाठवला. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, हे विसरू नका. आणि ते त्या एका कामापुरतंच करा. माझ्यात हा प्लॉट घेणं, महापालिकेची परवानगी काढणं आणि बांधकामावर देखरेख, एवढंच लिहिलं होतं. विकण्याचा अधिकार नव्हता. ताईनेच सांगितलं, "तो लिहू नको, उद्या कुणी काही बोलायला नको."

पाया खणताना तिची किंमत कळली. एका शुक्रवारी व्हिडिओ कॉल आला. ठेकेदार म्हणत होता, चार फूट झालं, बस झालं, बेड काँक्रीट टाकतो. ताई खड्ड्यात उतरली होती. मूठभर माती कॅमेऱ्यासमोर धरून म्हणाली, "अजून काळीच निघतेय."

आपली काळी कापसाची माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. वावरात मे महिन्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तीच माती घराखाली असते. घराचा पाया तिच्यात अर्धवट बसवला की दोन-तीन पावसाळ्यांत भिंतींना तिरक्या भेगा जातात. एक तर मुरूम किंवा कडक थर लागेपर्यंत खाली जायचं, किंवा थर फार खोल असेल तर खाली फुगीर बुंध्याचे पाइल घ्यायचे, ज्यांना अंडर-रीम्ड म्हणतात. जोत्यात काळी माती भरायची नाही. आणि घराभोवती चारी बाजूंनी फरसबंदी, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरत नाही. आम्हाला मुरूम आठ फुटांवर लागला. खर्च वाढला, संरक्षक भिंत पुढच्या वर्षावर गेली. पण मस्कतमध्ये बसून मला पैसे पाठवता आले असते, ती मूठभर माती दिसली नसती.

उन्हाचं मायने सांगितलं. जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो. जुनं धाब्याचं घर, वर लाकूड, काड्या आणि मातीचा जाड थर, दुपारी आत गार असायचं. सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ते ऊन खाली सोडतो. धाबं आता बांधणारे मिळत नाहीत. म्हणून आम्ही जिना, कोठी आणि संडास-बाथरूम पश्चिमेला घेतलं, म्हणजे झोपायच्या खोल्यांना थेट मावळतीचं ऊन लागत नाही. बाहेरच्या भिंती नऊ इंची, खिडक्यांवर रुंद छज्जे, गच्चीवर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक. मला पुढच्या बाजूला मोठी काच पाहिजे होती. माय म्हणाली, "मग पडदा लावून बसू का दिवसभर?" काच गेली. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून जमिनीखालची टाकी मात्र मोठी केली.

स्लॅब टाकायच्या आदल्या दिवशी मायचा फोन, एवढाच, "ओट्यावरच्या स्लॅबमध्ये दोन कड्या सोडायला सांग." कड्या सळईला बांधून आधीच सोडाव्या लागतात, नंतर भोक पाडून बसवलेल्यांवर भरवसा नसतो. मी विचारलं, कशाला? म्हणाली, "झोक्याला. लिंब मोठा व्हायला वेळ लागीन."

घर माझ्या नावावर आहे, वावर तिघांच्या. ठोक्याचे पैसे मायच्या खात्यात जातात. घराच्या मागच्या खोलीची एक किल्ली ताईकडे आहे, तिने ती मागितली नव्हती.

तर मंडळी, प्लॉटचे कागद, माती, ऊन हे सगळं बघा. पण त्याआधी एक करा. तुमच्या पैशाच्या हिशेबात दुसऱ्या कुणाचा हिस्सा धरलाय का, ते तपासा. आणि त्या घरात वर्षभर कोण राहणार आहे, त्याला विचारा. नकाशा नंतर काढा.

पुढच्या भागात अनिवासींच्या गृहकर्जाबद्दल बोलू. प्रश्न असतील तर पाठवून ठेवा. भेटू.