फुली मारण्याआधी

आपल्या शिंदखेडा तालुक्यात मुडावदला पांझरा तापीला मिळते. नदीपलीकडे शिरपूर तालुका, आणि शिरपूरला एक खासगी धावपट्टी आहे. मुंबईच्या एनएमआयएमएस संस्थेची वैमानिक अकादमी तिथून विमानं उडवते. दक्षिणेला धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लब शिकवतो. १९२८ मध्ये निघालेला, जे. आर. डी. टाटांना १९२९ साली परवाना मिळवून देणारा तोच हा क्लब. अशा पट्ट्यांवरून प्रवासी विमानं सुटत नाहीत, म्हणून त्यांचा उपयोग काय, असं विचारलं जातं. माझं म्हणणं असं, की छोटी धावपट्टी प्रवाशांवर जगतच नाही. ती रोजच्या वापरावर जगते. आणि तो वापर एकट्या मालकाच्या गरजेवर सोडला, तर ती कधी संपली हे कळतसुद्धा नाही.

जळगावचंच बघा. २०१७ च्या डिसेंबरात मुंबईचं विमान सुरू झालं आणि बंद पडलं. २०१९ मध्ये दुसरी कंपनी आली, तीही थांबली. २०२४ मध्ये तिसरी आली. जिल्ह्याच्या गावाची ही गत, तर तालुक्याला प्रवासी कुठून आणायचे? शिकाऊ वैमानिकाचं तसं नाही. व्यावसायिक परवान्यासाठी त्याला २०० तास उडावं लागतं. चाकं टेकतात न टेकतात तोच तो पुन्हा उठतो, फेरी मारून परत येतो. त्याच्यासाठी कुणाला तरी पट्टीवरून फिरून खडा, दोरी, कुत्रं बघावंच लागतं. हे फिरणं थांबलं की आपली काळी जमीनच पट्टी खायला लागते. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरचं डांबर उन्हानं कडक होऊन तडकतं, तड्यात पाणी मुरतं, पुढच्या पावसाळ्यात तिथूनच गवत डोकं काढतं. वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा फाटतो, तो बदलायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही. बंद धावपट्टीवर मोठी फुली रंगवतात. ती पट्टी त्याआधीच कितीतरी दिवस मेलेली असते. २००९ मध्ये नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ आणि उस्मानाबाद इथल्या पाच धावपट्ट्या एकाच खासगी कंपनीकडे ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं गेल्या. कंपनी तीच, पण बारामती चालती राहिली, कारण तिथं वैमानिक शिकत होते. यवतमाळची पट्टी वर्षानुवर्षं ओस पडली.

कुणी म्हणेल, मालकाची पट्टी, मालकाची मर्जी. नको असेल तेव्हा नांगरून टाकील. इंग्लंडमध्ये महायुद्धात बांधलेल्या शेकडो पट्ट्यांचं असंच झालं. सिल्व्हरस्टोनचं डांबर टिकलं ते मोटारींच्या शर्यतींमुळे. पण सलग, सपाट, वाऱ्याच्या रोखानं लांब अशी जमीन पुन्हा लागेल, तेव्हा ती दुसऱ्या कुणाच्या तरी कपाशीच्या शेतातूनच घ्यावी लागेल. शेतकऱ्याची बाजू घेणाऱ्यानं तर आहे ती पट्टी जपायचाच आग्रह धरला पाहिजे. उडण्याची परवानगी सरकार देतं, आकाश सगळ्यांचं आहे. मग रुग्ण घेऊन जाणाऱ्या विमानाला पट्टी खुली राहील आणि ती बंद करण्याआधी सरकारला घेण्याची संधी मिळेल, एवढं मालकाकडून लिहून घेण्यात अन्याय कसला?

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. १६ जुलै २०२१ ला शिरपूरच्या अकादमीचं शिकाऊ विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्याच्या रानात कोसळलं. प्रशिक्षक गेले, शिकणारी मुलगी जबर जखमी झाली. आदिवासी गावकऱ्यांनी साडीची झोळी बांबूला बांधली आणि तिला चिखलातून पायी खाली आणलं. हा धोका आहे, तो नाकारून चालणार नाही. पण विमानं बंद करणं हे त्याचं उत्तर नव्हे. ज्या गावांवरून विमानं फेऱ्या मारतात, तिथं फोन कुणाला करायचा हे ठरलेलं असावं, ग्रामपंचायतीत स्ट्रेचर असावं, आणि त्याचा खर्च पट्टी चालवणाऱ्यानं उचलावा. ही अटही त्याच कागदावर, पहिल्याच पानावर हवी.