दान प्रयोगशाळेला की प्रयोगाला?

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



२८ फेब्रुवारी हा दिवस देशभर राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. १९२८ साली याच दिवशी चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या विख्यात शोधावर शिक्कामोर्तब झाले आणि १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शाळाशाळांतून रामन यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, भाषणे होतात, प्रश्नमंजूषा होते. परंतु ज्या संस्थेत हा शोध लागला, ती मुख्यत्वे समाजाच्या देणग्यांवर उभी राहिली होती, याचे स्मरण सहसा होत नाही. विज्ञान दिनी एक हार त्या दात्यांना आणि त्यांच्यापुढे झोळी पसरणाऱ्या एका डॉक्टरलाही घातला गेला पाहिजे.

डॉ. महेंद्रलाल सरकार हे त्या डॉक्टरांचे नाव. १८६३ साली ते कलकत्त्यात एम.डी. झाले. पुढे होमिओपॅथीचा पुरस्कार केल्यामुळे त्यांच्या व्यवसायबंधूंनी त्यांना जवळजवळ वाळीत टाकले. रामकृष्ण परमहंसांच्या अखेरच्या आजारात त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर ते हेच. १८६९ साली त्यांनी आपल्या नियतकालिकातून एक विचार मांडला. भारतीयांनी भारतीयांच्या पैशातून, स्वतःच्या व्यवस्थापनाखाली विज्ञानाची संस्था काढावी आणि तेथे तरुणांनी विज्ञान केवळ वाचू नये, तर करून पाहावे, असा तो विचार होता. सात वर्षे ते दारोदार हिंडले. १८७६ साली कलकत्त्याच्या बहुबाजार भागात ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही संस्था सुरू झाली. फादर लाफाँ, जगदीशचंद्र बोस यांच्यासारख्यांची व्याख्याने तेथे विद्यार्थ्यांनी ऐकली. विजयनगरमच्या महाराजांच्या देणगीतून प्रयोगशाळाही उभी राहिली.

तथापि डॉ. सरकारांच्या मनातील एक शल्य अखेरपर्यंत गेले नाही. वास्तूसाठी पैसा मिळाला, उपकरणांसाठी मिळाला. परंतु पूर्णवेळ शिकविणाऱ्या आणि संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांसाठी कायमचा निधी उभा राहिला नाही. प्रयोगशाळा होती, प्रयोग करणारा नव्हता. आपले आयुष्य व्यर्थ गेले की काय, अशा विषादातच १९०४ साली त्यांनी देह ठेवला.

त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १९०७ साली, वयाची एकोणीस वर्षेही पूर्ण न झालेला एक तरुण सरकारी अर्थखात्यातील अधिकारी म्हणून कलकत्त्यास आला. संस्थेची पाटी त्याच्या दृष्टीस पडली आणि त्याने दार ठोठावले. आशुतोष डे नावाच्या साहाय्यकाने ते उघडले. पुढे अनेक वर्षे रामन कचेरीपूर्वी आणि कचेरीनंतर त्या प्रयोगशाळेत राबत होते. दाराआड धूळ खात पडलेल्या उपकरणांना त्यांचा माणूस भेटला. दात्यांनी दिलेल्या पैशाचे चीज झाले, परंतु ते पाहण्यास डॉ. सरकार हयात नव्हते.

ही कथा जितकी उदात्त, तितकीच सावध करणारी आहे. रामन आले हा योग होता. दाराशी रामन येण्याची वाट पाहत बसणे म्हणजे शिक्षणाची व्यवस्था नव्हे. वास्तूबरोबरच माणसाचीही तजवीज करावी लागते. महाराष्ट्राने हा धडा त्याच काळात वेगळ्या मार्गाने गिरविला होता.

अंताजी दामोदर काळे या ध्येयवेड्या गृहस्थाने स्वदेशीच्या काळात ‘पैसा फंड’ उभारला. माणशी वर्षाला एक पैसा, एवढीच त्यांची मागणी. लोकमान्य टिळकांनी या कल्पनेला आपले बळ दिले. गावोगावच्या जत्रा-उत्सवांतून जमलेल्या या पैशांतून १९०८ च्या सुमारास तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. ईश्वरदास वार्ष्णेय यांच्यासारखा परदेशात शिकून आलेला तज्ज्ञ तेथे होता. हा नुसता कारखाना नव्हता, ती शाळाही होती. भट्टीसमोर उभे राहून तरुणांनी काच वितळविण्याची व फुंकण्याची विद्या हस्तगत केली आणि त्यांच्यापैकी अनेकांनी देशात ठिकठिकाणी काचेच्या धंद्याची पायाभरणी केली. लोकांनी दिलेला पैसा येथे भिंतींत अडकला नाही, तो तरुणांच्या हातांत उतरला.

अगदी अलीकडचे उदाहरण पुण्याचे आहे. प्रा. जयंत नारळीकर यांनी नावारूपास आणलेल्या ‘आयुका’ या संस्थेत शाळकरी मुलांसाठी ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ सुरू झाली, ती पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या देणगीमुळे. वास्तूला ‘पुलस्त्य’ हे नाव मिळाले. पुलस्त्य हा सप्तर्षींतील एक तारा, आणि त्या नावातच पु.ल.ही आहेत. साहित्याने आणि रंगभूमीने मिळवून दिलेले धन विज्ञानाकडे वळावे, ही महाराष्ट्राच्या दातृत्वाची उज्ज्वल खूण होय. परंतु शोधिकेचे खरे भाग्य असे की, तिला अरविंद गुप्ता यांच्यासारखा माणूस लाभला. आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, जुनी वर्तमानपत्रे, रिकाम्या बाटल्या एवढ्या सामग्रीतून त्यांनी मुलांना भूमिती आणि भौतिकी शिकविली. वास्तू आणि माणूस यांचा मेळ बसला की काय घडते, हे तेथे दिसून आले.

आता आजच्या स्थितीकडे वळू. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना नफ्याच्या सरासरीचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. १ एप्रिल २०१४ पासून ही तरतूद लागू झाली आणि शिक्षणाकडे मोठा निधी वळला. ही स्वागतार्हच गोष्ट होय. तरीही अनेक शाळांत जे चित्र दिसते, ते डॉ. सरकारांच्या खंतीची आठवण करून देणारे आहे. दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी, उद्घाटनाचे छायाचित्र आणि कुलूपबंद कपाट. कपाटात सूक्ष्मदर्शक असतो. पण काचपट्ट्या संपलेल्या असतात. स्पिरिटचा दिवा असतो, स्पिरिट नसते. आणि सर्व काही असले, तरी उपकरण फुटल्यास भरपाई कोणी करायची या धास्तीने कुलूप उघडले जात नाही.

दात्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. खोली बांधली तर ती दिसते, हिशेब सोपा राहतो. मानधनाला दिलेला पैसा वर्षअखेर संपतो आणि दाखवायला काही उरत नाही. हा आक्षेप खोटा नाही. परंतु शिक्षणातील खर्चाचे स्वरूपच असे आहे. २०१६ साली सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत सरकारने प्रत्येक शाळेसाठी वीस लाख रुपयांची तरतूद केली, तेव्हा त्यातील निम्मी रक्कम उभारणीसाठी आणि निम्मी पुढील पाच वर्षांपर्यंतच्या चालू खर्चासाठी ठेवली. सरकारी योजनेने मान्य केलेले हे तत्त्व खाजगी दातृत्वाने का स्वीकारू नये?

आपल्याकडे आई-वडिलांच्या स्मरणार्थ शाळेला देणगी देण्याची सुंदर प्रथा आहे. ती चालू राहावीच, मात्र तिला थोडे वळण द्यावे. एका वर्गखोलीऐवजी एक ठेव ठेवावी आणि तिच्या व्याजातून चार-पाच शाळांत फिरून प्रयोग करवून घेणाऱ्या एका शिक्षकाचे मानधन निघावे. निवृत्त विज्ञान शिक्षक गावोगाव आहेत. त्यांना प्रवासखर्च आणि साहित्य मिळाले, तरी ते आनंदाने उभे राहतील. माजी विद्यार्थी संघांनी आणि गणेशोत्सव मंडळांनी एकेका शाळेच्या परीक्षानळ्या, भिंगे, चुंबके, रसायने यांचा वार्षिक खर्च उचलावा. त्यासाठी फार मोठी रक्कम लागत नाही, सातत्य लागते. एका वर्षाचे वचन देऊ नये, निदान पाच वर्षांचे द्यावे.

दात्याने हिशेब अवश्य मागावा, परंतु प्रश्न बदलावेत. किती मुलांनी कार्यक्रम पाहिला, हे विचारण्याऐवजी किती मुलांनी स्वतःच्या हाताने प्रयोग केला, हे विचारावे. वर्षभरात किती परीक्षानळ्या फुटल्या, हेही विचारावे. एकही फुटली नाही असे उत्तर आले, तर कपाट उघडलेच गेले नाही, असे समजण्यास हरकत नाही.

देश, काल आणि पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न धरता दिलेले दान ते सात्त्विक, असे गीता सांगते. डॉ. सरकारांना फळ पाहता आले नाही. पैसा फंडाला एक पैसा देणाऱ्या शेतकऱ्याला तळेगावची भट्टी कधी दिसलीही नसेल. तरी दोघांचेही दान वाया गेले नाही. आजही एखाद्या गावात दार ठोठावणारा एखादा मुलगा, एखादी मुलगी असेल. दार उघडायला आत कोणीतरी असावे, एवढी व्यवस्था समाजाने करावी.