वीतभर प्लायमाउथ

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

उमरीचं नाव निघालं की जाणत्या माणसांना हैदराबाद मुक्तिसंग्रामातली १९४८ सालची बँकेची घटना आठवते. तो विषय मोठा आहे, त्यावर बोलणारी माणसंही मोठी आहेत. मी चित्रकलेचा निवृत्त मास्तर. मी बोलणार आहे उमरीतल्या एका मोटारीबद्दल, आणि तीही लाकडाची, जेमतेम वीतभर लांबीची.

मूळ मोटार अमेरिकन. प्लायमाउथ, १९५१ च्या सुमाराची. अमेरिकेची मोटार आणि नांदेड जिल्ह्यातली उमरी, यांचा संबंध काय, असं कुणी विचारील. संबंध कुर्ल्यावरून येतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, डिसोटो, प्लायमाउथ या गाड्यांची जुळणी सुरू झाली. त्याच्याही आधी, १९२८ पासून, मुंबईला शिवडीत जनरल मोटर्सच्या शेवरोलेट जोडल्या जात होत्या. नुसती जुळणी नको, सुटे भागही इथेच बनवा, असं सरकारी धोरण ठरलं तेव्हा १९५४ साली जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघीही इथून निघून गेल्या. प्रीमियर राहिली. तिची पुढची फियाट आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. मुंबईत काळीपिवळी टॅक्सी म्हणून ती २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धावली. पण त्या थोरल्या अमेरिकन गाड्या कधीच भंगारात गेल्या. काही संग्राहकांच्या गॅरेजात आहेत, म्हणजे आपल्याला दिसत नाहीत.

आमच्या भागात कापसाचा व्यापार होता, रेल्वे होती, त्यामुळे अशी एखादी गाडी आली यात नवल नाही. ती चालवणारे गृहस्थ आमच्या गल्लीत राहतात. नव्वदीला टेकलेत. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते. एका डोळ्याची दृष्टी काचबिंदूने गेली, दुसऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मला घाई होती ती त्यामुळे. गाडीचा एक कृष्णधवल फोटो सोडला तर तिच्याबद्दलची बाकी सगळी माहिती मामांच्या डोक्यात होती.

अमेरिकेत हा छंद एके काळी घरोघरचा होता. एएमटी नावाची कंपनी १९४८ पासून मोटारविक्रेत्यांसाठी नव्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती काढायची आणि १९५८ पासून तिने सुटे भाग डब्यात भरून विकायला सुरुवात केली. मुलं घरी बसून डिंकानं जोडत. त्याच्याही आधी, १९३० पासून १९६८ पर्यंत, जनरल मोटर्सच्या वतीने मुलांसाठी प्रतिकृतींची स्पर्धा होत असे आणि जिंकणाऱ्याला कॉलेजच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळे. आपल्याकडे वहीच्या पुठ्ठ्याची गाडी केली तर मार मिळायचा. असो.

हे अमेरिकन डबे आता आपल्याकडे मागवता येतात. पण त्यात एक अडचण आहे. त्यांचं स्टेअरिंग डाव्या बाजूला असतं. आपली गाडी उजवीकडून चालते. म्हणजे डॅशबोर्ड, पायाखालची पॅडल, सगळंच उलटं करावं लागतं. शिवाय मला हवी ती प्लायमाउथ डब्यात मिळाली नाही. मग लाकडाचा विचार केला, आणि लाकूड म्हटल्यावर निर्मल.

भैंसावरून पुढे गेलं की तेलंगणातलं निर्मल लागतं. तिथली लाकडी खेळणी आपल्याकडच्या जत्रांमधून येतात. तिथले कारागीर पोनिकी नावाचं हलकं, मऊ लाकूड वापरतात. कोरून झालं की त्यावर चिंचोक्याच्या खळीचा लेप देतात. चिंचोके भाजायचे, साल काढायची, भिजवून वाटायचे आणि शिजवायचे. या खळीने लाकडाची रंध्रं बुजतात आणि हाताला काचेसारखा पृष्ठभाग लागतो. मोटारीच्या बॉडीसाठी याहून चांगलं काय हवं?

मापाचं गणित सोपं आहे. प्रमाण चोवीसास एक. मूळ गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर साडेएकशेअठरा इंच. भागिले चोवीस, म्हणजे पाच इंचांना अर्धं सूत कमी. हे एक माप पक्कं झालं की बाकीची फोटोवरून कंपासने काढता येतात. लाकडाच्या ठोकळ्याच्या बाजूवर गाडीची आकृती काढून आधी एक काप, मग वरून दुसरा काप, आणि उरलेले कोपरे पुठ्ठ्याचे साचे लावून लावून गोल करायचे. ही गाडी कुठेच चौकोनी नाही हो. पुढचा मडगार्ड दारात विरघळतो, टप मागे घरंगळतो. पुढची काच दोन तुकड्यांची, मध्ये पट्टी. हेडलाइटसाठी औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाचे फुगे, क्रोमच्या पट्ट्यांसाठी स्वयंपाकघरातला चांदीचा कागद, टायर म्हणून पंपाच्या दुकानातल्या रबरी रिंगा.

खरं काम पुढे आहे, रंगाचं. सगळी गाडी चोवीस पटीने लहान होते, पण रंगाचा थर लहान होत नाही. एक दशांश मिलिमीटरचा थर दिला तर तो खऱ्या गाडीवर जवळजवळ अडीच मिलिमीटर जाडीचा रंग फासल्यासारखा दिसतो. दाराभोवतीची फट खऱ्या गाडीत चार-पाच मिलिमीटर, आपल्याकडे एक पंचमांश मिलिमीटर. ब्रशने दोन हात मारले की दार गायब! म्हणून रंग पाण्यासारखा पातळ, गनने, पाच-सहा अगदी विरळ हात, आणि मधे मधे घासकाम.

रंग कोणता, तर ड्यूकोच. आपल्याकडचे सुतार आणि गॅरेजवाले आजही ड्यूको मारणं म्हणतात. ते मुळात अमेरिकेच्या ड्यूपाँट कंपनीच्या रंगाचं नाव. १९२३ साली जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर तो पहिल्यांदा आला. आधीचा वार्निशाचा रंग वाळायला आठवडे लागत, हा तासांत वाळे, आणि मोटारी रंगीबेरंगी होऊ लागल्या. हाच ड्यूको पुढे निर्मलच्या चित्रकारांनीही उचलला. तेव्हा निर्मलच्या पद्धतीच्या लाकडावर अमेरिकन मोटारीचा रंग चढवताना मला परकं असं काही वाटलं नाही. एक सावधगिरी सांगतो. ड्यूकोचं थिनर प्लॅस्टिकच्या मॉडेलवर थेट मारलं तर प्लॅस्टिक वितळतं. लाकडाला तो धोका नाही.

आता रंगाची छटा. फोटो कृष्णधवल, तेव्हा मामांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘हुरड्याचा रंग.’’ मी हिरवा कालवला. म्हणाले, ‘‘हा तर कोवळा हुरडा झाला सर. दाणा भरला, पण आत दूध हाय, तवाचा.’’ मी छोट्या फळ्यांवर नमुने करून नेत होतो आणि मामा ते उन्हात, चांगल्या डोळ्याजवळ धरून बघत होते. चार फळ्या परत आल्या. त्यात आमच्या विद्येची एक गोष्ट आहे. लहान वस्तूवर तोच रंग गडद दिसतो, कारण मोठी वस्तू आपण लांबून बघतो आणि मधली हवा तिला फिकट करते. म्हणून मापाच्या प्रतिकृतीत थोडा पांढरा मिसळावा लागतो. पाचव्या फळीत तो मिसळला. मामांनी ती हातातून सोडली नाही.

मतभेद झाला तो धुळीवरून. मला गाडी रस्त्यावरची करायची होती. मुरमाचे रस्ते, मडगार्डवर लाल धूळ, खालून चिखलाचे शिंतोडे. जगभर असं करतात, त्यात मोठं कसब मानतात. एका कोपऱ्यावर कोरडी पावडर लावून मी मामांना दाखवलं. त्यांनी बोट फिरवलं, बोटाला धूळ लागली.

‘‘सर, धूळ कामून लावायलात?’’

मी म्हणालो, ‘‘मामा, रस्ता तसाच होता ना?’’

‘‘रस्ता व्हता. गाडी नव्हती. रोज पाटे चारला उठून धुत हुतो मी.’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुस्तकं सांगतात की धूळ दाखवली म्हणजे गाडी खरी वाटते. पण या गाडीवर धूळ दाखवणं म्हणजे एका माणसानं आपलं काम केलं नाही असं दाखवणं होतं. पावडर पुसून टाकली. धुळीऐवजी रस्त्याची दुसरी खूण ठेवायला मात्र मामांनी आनंदानं परवानगी दिली. पुढच्या बंपरला पाण्याची छागल. ती तेच भरत. एक जुनी कॅनव्हासची चिंधी शिवून बोटाच्या पेराएवढी छागल केली. मागच्या पाट्याला एक जादा पान बसवलं होतं, असंही त्यांनी सांगितलं. म्हणून मॉडेलचा मागचा भाग केसभर उचललेला ठेवला आहे. पुढे अशा अनेक गाड्यांत पेट्रोल परवडेना म्हणून डिझेलचं इंजिन घातलं गेलं, याही गाडीत घातलं. ते दाखवायचं का, असं विचारलं तर मामा म्हणाले, ‘‘बानेट उघडतंय का तुमचं? मग ऱ्हाऊ द्या.’’

रंग पक्का व्हायला मी पंधरा दिवस दिले, पत्र्याच्या पेटीत, धूळ लागू नये म्हणून. आता राहिली आहे नंबर प्लेट. तो नंबर मामांना पाठ आहे. आकडे जेमतेम अडीच मिलिमीटर उंचीचे येतात, ब्रशला तीन-चार केस ठेवून लिहावे लागतात, आणि ते सकाळी चहाच्या आधीच नीट येतात. पुढची पाटी झाली आहे. मागचीचे दोन आकडे बाकी आहेत.