पाच दिवसांचा ताप व दहा दिवसांची मुदत
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात कोथरूड येथे केलेले भाषण)



१९६१ च्या जानेवारीत टोकियोच्या रेड क्रॉस रुग्णालयात तोमिसाकु कावासाकी या बालरोगतज्ज्ञांपुढे चार वर्षांचा एक मुलगा आला. ताप हटेना; डोळे लाल, पण चिपडे नाहीत; ओठ फुटलेले, जीभ लालभडक, अंगावर पुरळ, हातपाय सुजलेले. हा रोग कोणत्याच पुस्तकात बसेना. ओढूनताणून नाव देण्याऐवजी त्यांनी निदान अज्ञात असल्याचे नोंदविले, आणि १९६७ साली अशा पन्नास मुलांवर निबंध प्रसिद्ध केला. न कळलेले न कळलेले म्हणून लिहून ठेवणे, ही मला शास्त्रज्ञाची खरी खूण वाटते.

या रोगात रक्तवाहिन्यांना दाह होतो. ताप पुढे आपोआप उतरतो, म्हणून घरची माणसे निश्चिंत होतात. पण उपचार न झालेल्या शंभरांपैकी सुमारे पंचवीस मुलांच्या हृदयाच्या रोहिण्या फुगतात. बहुतेक रोगी पाच वर्षांखालील असतात. आपल्याकडे गोवर म्हणून, उष्णता म्हणून दिवस जातात. तान्ह्या बाळांत तर सगळी लक्षणे दिसतीलच असेही नाही. म्हणून माझी मातांना विनंती, की तापाचा पहिला दिवस दिनदर्शिकेवर लिहावा आणि पाचवा दिवस उजाडला की डॉक्टरांना तो आकडा सांगावा.

कारण अद्याप अज्ञात आहे. जिवंत मुलाच्या हृदयाची रोहिणी कापून पाहता येत नाही. म्हणून प्रयोगशाळेला उंदराकडे वळावे लागले. लॅक्टोबॅसिलस केसी या जंतूच्या पेशीभित्तिकेचा अर्क उंदराच्या पोटात टोचला, की त्याच्या रोहिण्यांना असाच दाह होतो. (यावरून घरच्या दह्याला कोणी दोष देऊ नये.) लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय येथे मोशे आर्दिती व त्यांच्या सहकाऱ्यांनी या उंदरांवर दाखविले, की इंटरल्यूकिन-१ या दाहकारक द्रव्याला अडविले तर रोहिण्या वाचतात. त्यामुळेच ते अडविणारे औषध मुलांना देऊन पाहण्याचे प्रयोग पुढे झाले.

२०२० साली करोनानंतर काही आठवड्यांनी मुलांना असाच, पण वेगळा दाहविकार होऊ लागला. मूल पूर्वी बाधित झाले होते काय, हे रक्तातील प्रतिपिंडांवरून ठरवावे लागे. त्याची ‘कवच’ ही चाचणी येथून टेकडीपलीकडे पाषाणला शाखा असलेल्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने तयार केली, हे कोथरूडकरांनी विसरू नये.

कावासाकी रोगावरील मुख्य उपचार म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून देणे. जपानी डॉक्टरांनी त्याचा उपयोग १९८४ साली दाखविला. तापाच्या पहिल्या दहा दिवसांत ते मिळाले तर रोहिण्या फुगण्याचे प्रमाण शंभरात पाचांच्या आसपास येते. ते हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून काढतात व वजनाच्या प्रत्येक किलोस दोन ग्रॅम देतात. पंधरा किलोच्या मुलास तीस ग्रॅम झाले, म्हणजे पाच ग्रॅमांच्या सहा बाटल्या. एका रात्रीत इतकी रक्कम उभी करणे पुष्कळ कुटुंबांना जड जाते.

आपल्या मंडळाचा वैद्यकीय साहाय्य निधी आहे. पण अर्जांचा विचार मासिक सभेत होतो, आणि सभेला कोरम मिळेपर्यंत दहा दिवस सहज उलटतात. कोणत्याही दोन पदाधिकाऱ्यांच्या सहीने त्याच दिवशी रक्कम बिनव्याजी उसनी देता यावी, अशी दुरुस्ती मी सुचवीत आहे. तिचा मसुदा चिटणीसांकडे दिला आहे. दुपारच्या सर्वसाधारण सभेत तो मतास टाकावा.