नोटीस आली की काय करावे?



कंपनीचा वकील म्हटले, की काळा कोट आणि भर कोर्टातली उलटतपासणी डोळ्यांपुढे येते. माझ्या वाट्याला ती फारशी आली नाही. गेली तीस वर्षे मी कारखान्यांचे कायद्याचे काम पाहतो आहे, आणि त्यातला बहुतेक वेळ टेबलाशी बसून कागद वाचण्यात गेला. तोही बहुधा सही होऊन गेल्यावर! आधी दाखवलेला कागद पाच मिनिटांत दुरुस्त होतो. नंतर दाखवलेल्याला वर्षे लागतात.

हे तुम्हांला सांगण्याचे कारण असे, की मॅनेजर आता शहरातच भेटतो असे नाही. 2002 च्या दुरुस्तीने शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी काढता येऊ लागली. दहा शेतकरी एकत्र आले तरी ती उभी राहते. तिचा मॅनेजर गावातलाच एखादा शिकलेला मुलगा असतो, आणि अडल्यानडल्या कागदासाठी तो शाळेतल्या गुरुजींकडे जातो.

अशाच एका लहान कंपनीची गोष्ट. नाव कशाला हवे? खोक्यांच्या पैशांपोटी दिलेला चेक वटला नाही. खात्यात शिल्लक नव्हती, एवढेच. बुडवायचा हेतू कोणाचाच नव्हता. थोड्या दिवसांनी रजिस्टर पाकीट आले. मॅनेजरने फोडले, वकिलाचे नाव पाहिले, आणि ‘साहेब आले की दाखवू’ म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवले. साहेब बाविसाव्या दिवशी आले.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. चेक परत गेल्याचे बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांच्या आत चेक घेणाऱ्याने लेखी नोटीस द्यायची. ती हातात पडल्यापासून पंधरा दिवसांत पैसे चुकते केले, तर गुन्हा होतच नाही. ते पंधरा दिवस गेले, की पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार करता येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि आरोपी एकटी कंपनी नव्हे बरं का! कारभार पाहणारा आणि चेकवर सही करणाराही त्यात येतो.

बाविसाव्या दिवशी आमचे लोक रोख रक्कम घेऊन गेले. समोरचे म्हणाले, मुदत गेली. आता व्याज आणि खर्चही द्या. वाटाघाटीत महिना निघून गेला नि तक्रार दाखल झाली. मॅनेजरच्या घरी समन्स गेले, त्यावर ‘आरोपी’ म्हणून त्याचे नाव. पुढे तडजोड झाली, प्रकरण मिटले. पण त्या मुलाने नोकरी सोडली. त्याला पंधरा दिवसांची गोष्ट कोणी सांगितलीच नव्हती. त्यात माझाही दोष होता. वकील मी होतो.

तेव्हापासून शनिवारी दुपारी मॅनेजरांचा वर्ग घेतो. कलमांचे पाठांतर नाही. एक करारनामा आणि तांबडी पेन्सिल देतो. तारीख, रक्कम आणि ‘न केल्यास’ हे शब्द दिसतील तिथे खूण करायची. आवक रजिस्टरात नोटिशीसमोर ती पोचल्याची तारीख लिहायची, आणि शेजारी पंधरावा दिवस. कोऱ्या चेकवर सही करून ‘तारण’ म्हणून देण्याची आपल्याकडे फार खोड. रक्कम दुसऱ्याने भरली म्हणून असा चेक रद्द ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली स्पष्ट केले आहे.

उधारीचेही तसेच. वसुलीचा दावा साधारणतः तीन वर्षांत लावावा लागतो. मात्र त्याआधी देणेकऱ्याने सही करून बाकी लेखी मान्य केली, तर तीन वर्षे नव्याने सुरू होतात. ‘देतो हो’ या तोंडी शब्दाने ती सुरू होत नाहीत. मार्चअखेर बाकीच्या कागदावर सही घ्यावी, लाजू नये.

परवा वर्गात एकाने विचारले, “साहेब, पाकीट घेतलंच नाही तर?” सगळे हसले. प्रश्न मात्र खरा होता. पत्ता बरोबर असेल, तर ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत गेलेले पाकीटही पोचले असेच कोर्ट धरून चालते. त्याने ते मुकाट्याने वहीत लिहून घेतले.