गाण्यासाठीं संगणक निवडतांना



गाणाऱ्याचा आवाज मायक्रोफोनमधून संगणकांत जावा, तेथें त्यावर संस्कार व्हावेत आणि तत्काळ तो हेडफोनमधून गाणाऱ्याच्याच कानीं पडावा, अशी सोय आतां घरींही करतां येते. परंतु ‘तत्काळ’ या शब्दांतच सारी अडचण आहे. आवाज रेंगाळून परतला कीं गाणारा आपलीच वाट पाहूं लागतो आणि लय सुटते.

हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो. म्हणून दीड मीटरवर बसलेल्या तबलजीचा ठेका गायकास चार-साडेचार मिलिसेकंदांनीं उशिरांच ऐकूं येतो, आणि बैठकीचें त्यानें कांहीं बिघडत नाहीं. संगणकाकडून अपेक्षा धरावयाची ती याच मापानें.

संगणक सामान्यतः आवाजाचे सेकंदास ४८,००० नमुने घेतो व त्यांचे गठ्ठे बांधतो. १२८ नमुन्यांचा गठ्ठा २.७ मिलिसेकंदांचा होतो. १,०२४ नमुन्यांचा २१ हून अधिक. असा गठ्ठा आंत येतांना व बाहेर जातांना भरावा लागतो. शिवाय रूपांतराचा वेळ निराळा. गठ्ठा लहान केला तर विलंब घटतो, पण मग प्रत्येक गठ्ठ्याचें काम तेवढ्या मुदतींत पुरें झालेंच पाहिजे. एकदां जरी मुदत टळली तरी कानांत ‘टक्’ असा आवाज येतो. वर्गाची सरासरी चांगली असली म्हणजे शिक्षकाचें निभावतें. येथें मात्र एकही गठ्ठा नापास होतां कामा नये. सर्वांत वेगवान नव्हे, तर कधींही न चुकणारें यंत्र आपणांस हवें आहे.

म्हणून प्रथम पैसा घालावा तो चांगल्या ऑडिओ इंटरफेसवर. विंडोजवर त्यास उत्पादकाचा स्वतःचा ‘एएसआयओ’ ड्रायव्हर असावा. ही पद्धत स्टाइनबर्ग कंपनीनें १९९७ सालीं काढली. प्रोसेसरच्या गाभ्यांची संख्या पाहून भुलूं नये. एकाच आवाजावर एकामागून एक होणारे संस्कार अनेक गाभ्यांत सहसा वांटतां येत नाहींत. तेथें एकेका गाभ्याचा वेगच उपयोगी पडतो. खेळांसाठीं विकलें जाणारें महागडें ग्राफिक्स कार्ड या कामास बहुधा निरुपयोगीच. लॅपटॉप तापला कीं मंदावतो का, तेंही पाहावें. वायफाय व वीजबचतीची योजना मध्येंच कामांत खंड पाडूं शकतात. गातांना त्या बंद ठेवाव्या.

शक्य तर दुकानांतच आपला इंटरफेस जोडून, १२८ नमुन्यांवर अर्धा तास गाऊन पाहावें. आणि केवळ आपला साधा आवाज ऐकणें एवढीच गरज असेल, तर अनेक इंटरफेस तो संगणकाकडे न नेतां थेट हेडफोनमध्यें पोंचवितात. अशा गृहस्थानें नवा संगणक घेऊंच नये.